पंखा पाण्यात, प्लेट पाण्यावर: आउटबोर्ड इंजिनाची उंची कशी लावायची

मालवणजवळच्या देवबागला एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी आणि मध्ये जमिनीची चिंचोळी पट्टी. इथे मी पहिली फायबरची होडी घेतली ती सोळा फुटी, मागे बाहेरून टांगलेलं ४० एचपीचं जुनं पण धडधाकट आउटबोर्ड इंजिन. मागच्या मालकाने बसवलं होतं तसंच दोन वर्षं चालवलं. पेट्रोल जास्त जायचं, स्टिअरिंग जड लागायचं, मागून पाण्याचा फवारा उडायचा. दोष आधी इंजिनाला दिला, मग पंख्याला (प्रोपेलरला), मग पेट्रोलला. शेवटी एका पावसाळ्यात होडी झापांखाली असताना गवंडी वापरतात ती ॲल्युमिनियमची सरळ पट्टी तळाला लावून बघितली, तर इंजिन हवं त्यापेक्षा अडीच इंच खाली बसलेलं.

नवीन होडी घेणारे बरेचजण हाच घोळ घालतात, म्हणून सगळं नीट लिहून काढतोय. काम अवघड नाही. दोन माणसं, एक सकाळ आणि चाचणीसाठी शांत पाणी एवढं पुरे. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, पर्यटनाच्या होड्याही ओढून ठेवलेल्या असतात. मोजमाप आणि डागडुजी तेव्हा करा, चाचणी नारळी पौर्णिमेनंतर पाणी निवळलं की.

नक्की काय मोजायचं

इंजिनाच्या खालच्या भागात, पंख्याच्या अगदी वर, एक आडवी चपटी प्लेट असते. सगळे मेकॅनिक तिला कॅव्हिटेशन प्लेट म्हणतात. खरं तर नाव चुकीचं आहे. कॅव्हिटेशन म्हणजे पात्यांजवळ दाब इतका कमी होतो की पाण्याचीच वाफ होऊन बुडबुडे बनतात. या प्लेटचं काम वेगळं आहे, वरची हवा पंख्यात ओढली जाऊ नये यासाठी ती झाकणासारखी असते. हवा ओढली गेली की पंखा पाण्याऐवजी फेस कापतो, इंजिन किंचाळतं आणि होडी जागच्या जागी. पण नाव रूढ आहे, मीही तेच वापरतो.

इंजिन ज्या उभ्या मागच्या भिंतीवर बसतं ती ट्रान्सम. उंची लावायची म्हणजे ट्रान्समजवळचा होडीचा तळ आणि ही प्लेट यांच्यातलं अंतर ठरवायचं. वेगात तळ पाण्यावर उचलून धावणाऱ्या होडीला सुरुवातीचा साधा नियम असा: प्लेट तळाच्या रेषेत किंवा तिच्या खाली एक इंचापर्यंत. हलक्या, वेगवान होड्यांवर ती तळाच्या वरही नेतात, पण ते पुढचं काम आहे. सावकाश चालणाऱ्या, पोटावर पाणी कापत जाणाऱ्या जड होडीला एवढी बारीक जुळणी लागत नाही. तिथे पंखा पुरेसा खोल आहे ना, एवढं बघायचं.

इंजिन जास्त खाली असेल तर गिअरकेसचा, म्हणजे पंख्याला धरणाऱ्या खालच्या भागाचा, मोठा भाग पाण्यात घासत राहतो. वेग कमी, आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) कमी, पेट्रोल जास्त, स्टिअरिंग जड, मागे फवारा. जास्त वर असेल तर वळणावर किंवा लाटेवर पंख्याची पकड सुटते, आणि त्याहून वाईट म्हणजे इंजिन थंड ठेवायला पाणी आत घेणारी जाळी हवा ओढू लागते. इंजिन गरम होतं आणि खिसा हलका होतो. खाली बसलेलं इंजिन पेट्रोल खातं. वर बसलेलं इंजिन स्वतःलाच खातं.

आधी शाफ्ट तपासा

आउटबोर्ड साधारण १५, २० आणि २५ इंच शाफ्टमध्ये येतात. बोलीत शॉर्ट, लाँग आणि एक्स्ट्रा लाँग. हे माप इंजिनाचा ब्रॅकेट ट्रान्समच्या माथ्यावर जिथे टेकतो तिथपासून प्लेटपर्यंतचं. प्रत्यक्षात अर्धा-पाऊण इंच इकडेतिकडे असतं, म्हणून छापलेल्या आकड्यावर न जाता टेप लावा. ट्रान्समची उंचीही मधोमध, माथ्यापासून तळापर्यंत मोजा. २० इंची ट्रान्समवर १५ इंची इंजिन स्वस्तात मिळालं म्हणून कुणी घेतलं, तर त्याला ब्रॅकेटचं कुठलंच भोक वाचवू शकत नाही, कारण पंखा अर्धा हवेतच राहणार. उलट प्रकार, म्हणजे १५ इंची ट्रान्समवर २० इंची इंजिन, थोडाफार निभावतो. ट्रान्सम वाढवून किंवा इंजिन उचलणारा ब्रॅकेट लावून जुळवता येतं. पण जुनं इंजिन घ्यायला जाल तेव्हा खिशात टेप असू दे.

मोजण्याची रीत

होडी जमिनीवर ओंडक्यांवर सरळ बसवा. इंजिन पूर्ण खाली आणा, आणि प्लेट होडीच्या तळाला समांतर येईल इतपत आतबाहेर करा. हे विसरलात तर सगळं माप खोटं, कारण कलत्या इंजिनाच्या प्लेटचं पुढचं टोक एक सांगतं आणि मागचं टोक दुसरंच. आता ती सरळ पट्टी तळाच्या मधोमध, नाळेच्या (होडीच्या पुढच्या टोकाच्या) दिशेकडून मागे, अशी दाबून धरा की तिचं टोक ट्रान्सम ओलांडून प्लेटपर्यंत जाईल. पट्टी आणि प्लेट यांच्यातलं अंतर मोजा. प्लेट पट्टीच्या खाली असेल तर उणे, वर असेल तर अधिक, असं वहीत लिहा. पाणसळ लागत नाही, कारण होडी कशी टेकली आहे याला इथे महत्त्व नाही.

एक अडचण येते. काही होड्यांच्या तळाला मधून लांब कणा असतो आणि तो थेट ट्रान्समपर्यंत येतो. पट्टी कण्यावर नाही, शेजारच्या तळावर धरा. शिवाय कण्यामागून येणारं पाणी फुटलेलं, हवेने भरलेलं असतं, म्हणून अशा होडीला प्लेट अर्धा-एक इंच खालीच ठेवावी लागते. उलट, इंजिन ट्रान्समपासून मागे सरकवणाऱ्या ब्रॅकेटवर असेल, तर तळाखालून निघालेलं पाणी मागे जाता जाता वर चढतं. तिथे दर आठ-दहा इंचांमागे प्लेट साधारण एक इंच वर चालते.

उचलण्याआधी ट्रान्समला टकटक करा

स्क्रूड्रायव्हरची मूठ घ्या आणि ट्रान्समवर बोल्टांच्या भोवती ठोका. टणक, कोरडा आवाज आला तर छान. मडकं फुटलेलं असावं तसा बद्द आवाज आला तर आतलं प्लायवूड पाणी प्यायलंय. बोल्ट सैल करताच भोकातून तांबूस पाणी ओघळलं तर मग शंकाच नको. अशा ट्रान्समवर उंची लावत बसू नका, आधी ट्रान्सम दुरुस्त करा. कारण इंजिन वर उचललं की ब्रॅकेट माथ्यावर टेकलेला राहत नाही आणि सगळं वजन बोल्टांवर येतं.

बोल्टवालं इंजिन

साधारण ३० एचपीपासून पुढची इंजिनं चार बोल्टांनी बसतात. दोन वर, दोन खाली. इथे नवख्याचा हमखास गोंधळ होतो: उंची बदलायला ट्रान्समला नवीन भोकं पाडायची नसतात. ट्रान्समची चार भोकं तशीच राहतात. इंजिनाच्या ब्रॅकेटवर वरच्या बोल्टांसाठी एकाखाली एक भोकांची रांग असते, बहुतेक इंजिनांवर पाऊण इंचाच्या अंतराने, आणि खालच्या बोल्टांसाठी लांब उभी खाच. इंजिन वर न्यायचं म्हणजे बोल्ट ब्रॅकेटच्या खालच्या भोकात घालायचा. हे डोक्यात बसेपर्यंत कागदावर काढून बघा, मी काढलं होतं.

बॅटरीची तार काढा. स्टिअरिंगची केबल, गिअर-थ्रॉटलच्या केबली, पेट्रोलची नळी यांना दोन-तीन इंचांची ढील आहे का ते बघा. ताणलेली केबल वळणावर कशी वागते ते समुद्रात कळायला नको.

आता वजन. ४० एचपीचं फोर-स्ट्रोक इंजिन शंभर किलोच्या आसपास भरतं आणि त्याचा भार ट्रान्समच्या मागे लोंबकळत असतो. वरचे दोन बोल्ट काढले की इंजिन खालच्या बोल्टांवर बिजागरीसारखं मागे कोसळायला बघतं. म्हणून चेन ब्लॉक (साखळीने वजन उचलायची कप्पी) आधी, पाना नंतर. इंजिनाच्या डोक्यावर उचलण्यासाठी कडी असते, तिच्यात हूक अडकवा आणि साखळी नुसती ताणून घ्या, उचलू नका. चेन ब्लॉक कशाला टांगायचा? लोखंडी तिपाई उत्तम. आमच्याकडे सर्रास माडाला दोर बांधतात आणि माड दरवेळी साथ देतोच असं नाही. लहान इंजिनाला पंख्याखालच्या उभ्या पात्याखाली, म्हणजे स्केगखाली, लाकडाचा ठोकळा आणि बाटली जॅक देऊन काम होतं, पण तेव्हाही डोक्याला दोर हवाच.

साखळी ताणली की खालचे नट दोन-तीन आटे सैल करा, काढू नका. मग वरचे नट काढून बोल्ट बाहेर घ्या. साखळी हळूहळू ओढा. दुसऱ्या माणसाने ट्रान्समच्या भोकातून बघत राहायचं. ब्रॅकेटचं पुढचं भोक समोर आलं, पलीकडचा उजेड दिसला, की थांबा. पहिल्यांदा मी घाईत दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या भोकांत बोल्ट घालायला निघालो होतो. इंजिन इतकं कमी कललेलं होतं की डोळ्यांना कळलं नाही, बोल्ट जाईना म्हणून कळलं. बोल्ट हाताने सरकला पाहिजे. हातोडीची गरज पडली म्हणजे काहीतरी चुकलं आहे.

बोल्ट स्टेनलेसचे, ३१६ ग्रेडचे, मोठे वॉशर आणि नायलॉन रिंगवाले नट. भोकाच्या तोंडाशी आणि बोल्टच्या मानेला समुद्री कामाचं सीलंट सढळ हाताने लावा. कायमचं चिकटवणारं सीलंट नको, नाहीतर पुढच्या वर्षी इंजिनाऐवजी ट्रान्सम निघेल. घरात खिडकीला लावतात तो सिलिकॉनही नको. नट आधी सीलंट बाहेर येईपर्यंत आवळा, मग तिरप्या क्रमाने, म्हणजे वरचा डावा, खालचा उजवा असे, तुमच्या इंजिनाच्या पुस्तकात दिलेल्या जोराने. वॉशरखालचं फायबर दबून चिरा पडू लागल्या तर जोर जास्त झाला.

शिकंज्यावालं छोटं इंजिन

८, ९.९, १५ एचपीची इंजिनं दोन फिरकीच्या स्क्रूंनी ट्रान्समला आवळलेली असतात. त्यांना भोकांची रांग नसते, म्हणून उचलायचं तर ट्रान्समच्या माथ्यावर लाकडाची पट्टी बसवायची. चांगलं सागवान किंवा मरीन प्लाय, ब्रॅकेटपेक्षा दोन्ही बाजूंना दोन इंच लांब, आणि ट्रान्समला बोल्ट किंवा स्क्रूने पक्की. नुसती ठेवलेली पट्टी थरथरीने महिन्याभरात निसटते. एक इंचापलीकडे गेलात तर शिकंजे ट्रान्समच्या अगदी कडेला पकडू लागतात. तसं होऊ देऊ नका, आतबाहेरून आधाराची फळी मारून मगच वर जा. आणि या इंजिनांना साखळी किंवा जाड दोर होडीच्या कडीला बांधलेलाच हवा. पहिल्या पंधरा मिनिटांनंतर शिकंजे पुन्हा आवळा, ते हमखास अर्धा आटा घेतात.

पाण्यात उतरवून चाचणी

जमिनीवर इंजिन चालवायचं तर गिअरकेसच्या जाळीवर पाण्याचे कानपट्टे (नळीला जोडलेले रबरी कप) लावून किंवा ड्रमात बुडवून. कोरडं नको. थंड पाणी ओढणारा पंप रबरी पात्यांचा असतो आणि कोरडा फिरला की थोड्याच वेळात जळतो.

खरी चाचणी पाण्यावर. नेहमीचा भार घ्या. एकट्याने रिकामी होडी पळवून मिळालेला आकडा दिवाळीच्या गर्दीत सहा माणसं बसली की उपयोगाचा नाही. लाइफ जॅकेट सगळ्यांना, किल स्विचची (ओढली गेली की इंजिन बंद करणारी) दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला. मागे बघायला एक माणूस वेगळा, चालवणाऱ्याने पुढेच बघायचं. मागच्याने दोन गोष्टी बघायच्या: इंजिन थंड करून बाहेर पडणारी पाण्याची धार आणि होडी पाण्यावर उचलली गेल्यावर प्लेट कुठे आहे. प्लेट पाण्याच्या अगदी पृष्ठभागाशी, तिच्यावरून पाण्याचा पातळ थर सरकतोय, असं दिसलं की उंची जवळपास जमली. प्लेट फेसाखाली गडप असेल तर अजून वर जायला जागा आहे.

सरळ रेषेत पूर्ण थ्रॉटल, आरपीएम आणि मोबाइलवरचा वेग लिहा. भरती-ओहोटीचा ओघ असतो म्हणून जाताना आणि येताना दोन्ही आकडे घ्या, सरासरी काढा. मग उजवं आणि डावं वळण, आधी मध्यम वेगात, मग थोडं जोरात. मग स्वतःच्याच लाटा आडव्या कापा. वळणावर इंजिनाचा आवाज अचानक चढला आणि होडीने ओढ सोडली, म्हणजे पंख्याने हवा घेतली. थ्रॉटल लगेच कमी करा. धार बारीक झाली, तुटक झाली किंवा वाफाळू लागली तर चाचणी तिथेच संपली, इंजिन एक भोक खाली आणा.

माझ्या वहीत असं आहे. ब्रॅकेटच्या वरून पहिल्या भोकावर प्लेट अडीच इंच खाली, ४८०० आरपीएम, ताशी ३४ किलोमीटर. तिसऱ्यावर प्लेट एक इंच खाली, ५२०० आणि ३८. चौथ्यावर पाव इंच खाली, ५४०० आणि ३९. पाचव्यावर अर्धा इंच वर, ५६००, पण वेग ३९ च. आरपीएम चढले आणि वेग चढला नाही, याचा अर्थ जास्तीचे फेरे पंखा पाण्यात घसरून वाया घालवतोय. डाव्या वळणावर त्याने सरळ हवा घेतली. म्हणजे चौथं भोक ठरलं, असं मला वाटलं.

कर्लीच्या खाडीत ते ठरलंही होतं. पाणी तेलासारखं, होडी लोण्यातून जावी तशी. मग खाडी समुद्राला मिळते त्या संगमावरून बाहेर समुद्राकडे गेलो आणि परत येताना खाडीच्या तोंडावर मागून लाट आली. होडीची पाठ उचलली गेली, पंख्याने हवा घेतली, इंजिन ओरडलं, आणि नेमकी जिथे ओढ हवी तिथे दोन-तीन सेकंद होडी माझ्या हातात नव्हती. मागून लाट येत असताना तो वेळ फार मोठा असतो. किनाऱ्यावर एक म्हातारा तांडेल जाळं उसवत बसला होता. त्याला आवाज ऐकू गेला असावा. मी होडी लावल्यावर एवढंच म्हणाला, "पंखो पाण्यात व्हयो रे, वाऱ्यार कित्याक?"

दुसऱ्या दिवशी इंजिन तिसऱ्या भोकावर आणलं. ताशी एक किलोमीटर गेला, खाडीच्या तोंडावरची भीती गेली. म्हणून माझा सल्ला असा: तलाव, धरण किंवा खाडीतच फिरणार असाल तर इंजिन चाचणीत जमलेल्या सगळ्यात वरच्या उंचीवर ठेवा. समुद्रात जाणार असाल तर इंजिन त्याहून एक भोक खाली. शेजाऱ्याची होडी तीच कंपनी, तेच इंजिन असली तरी त्याचं भोक बघून आपलं ठरवू नका. तो माणसं कुठे बसवतो, टाकी कुठे ठेवतो, कुठल्या पाण्यात जातो, यावर सगळं बदलतं.

उंची जमल्यावर पूर्ण थ्रॉटलचे आरपीएम तुमच्या इंजिनाच्या पुस्तकातल्या मर्यादेत येतात का ते बघा. आजच्या बऱ्याच फोर-स्ट्रोक इंजिनांना ही मर्यादा ५००० ते ६००० असते. त्यापेक्षा कमी किंवा जास्त असतील तर आता पंखा बदलायचा विचार करा, आधी नाही. पंख्याचा पिच (एका फेऱ्यात तो जेवढा पुढे जायला हवा ते अंतर) एक इंच कमी केला की आरपीएम साधारण दीडशे ते दोनशेने वाढतात, वाढवला की तेवढे उतरतात. उंची चुकलेली असताना पंखा विकत घेणं म्हणजे चप्पल चावते म्हणून पाय मोजायच्या आधी नवीन जोडा घेणं. मी तसा एक पंखा घेतलाही होता. तो अजून पडवीत टांगलाय.

शेवटचं काम दोन मिनिटांचं. सगळं आवळून झालं की चारही नट कोरडे पुसा आणि नटावरून बोल्टवर आणि वॉशरवर जाणारी एक सरळ रेघ लाल नेलपॉलिशने ओढा. घरात मिळते, खाऱ्या पाण्यात बरेच दिवस टिकते. रोज सकाळी होडी लोटण्याआधी वाकून बघायचं. रेघ तुटलेली दिसली, तर त्या दिवशी आधी पाना आणि मग समुद्र.